वाड्याच्या परसात पाया खणताना: पुरातत्त्वीय देखरेख कशी ठेवावी

पुण्याच्या पेठांमधल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या मागे नवी इमारत, पाण्याची टाकी, लिफ्टचा खड्डा किंवा नुसता स्वच्छतागृहांचा गट बांधायचे ठरते, तेव्हा वारशाची काळजी वाटणाऱ्या मंडळींचे लक्ष बहुधा वाड्याच्या दर्शनी भागाकडे असते. दिंडी दरवाजा, कोरीव खांब, महिरपी आणि गणेशपट्टी यांची छायाचित्रे घेतली जातात, क्वचित मापेही घेतली जातात, आणि मागचे परस मात्र ‘मोकळी जागा’ म्हणून यंत्राच्या स्वाधीन केले जाते. प्रत्यक्षात वाड्यातल्या रोजच्या जगण्याचा सर्वांत भरगच्च पुरावा याच मोकळ्या जागेत असतो. पुढचा चौक फरसबंद असे आणि तो रोज झाडला जाई. जे फुटले, सांडले, उष्टे उरले किंवा नकोसे झाले ते मागे गेले. आड, मोरी, न्हाणीघर, गोठा, शेतखाना (म्हणजे संडास) आणि उकिरडा ही सगळी परसाची अंगे आहेत, आणि कागदपत्रांत त्यांच्याविषयी जवळजवळ काहीच लिहिलेले नसते. हा पुरावा एका दुपारी जेसीबीच्या बकेटीतून डंपरमध्ये जातो आणि पुन्हा कधीही मिळत नाही. तो वाचवण्यासाठी बांधकाम थांबवावे लागते असा जो समज आहे तो चुकीचा आहे, आणि ते न थांबवता काय करता येते हेच येथे मांडायचे आहे.

देखरेख म्हणजे उत्खनन नव्हे, हे आधी स्पष्ट असावे. शास्त्रीय उत्खननासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते आणि ते संशोधनाच्या प्रश्नांवरून आखले जाते. देखरेखीत खड्डा कुठे, किती लांब-रुंद आणि किती खोल घ्यायचा हे वास्तुविशारदाच्या नकाशावरून ठरलेले असते; पुरातत्त्व जाणणारी व्यक्ती त्या खोदकामाच्या वेळी जागेवर हजर राहते, जे दिसेल ते नोंदवते आणि अत्यंत महत्त्वाचे काही आढळल्यास तेवढ्यापुरते काम थांबवायला सांगते. बांधकामाला लागत नाही तेथे ‘जरा आणखी पाहू’ म्हणून खणत जाणे हे देखरेखीच्या मर्यादेबाहेरचे आहे आणि तो मोह कटाक्षाने टाळावा, कारण जे जमिनीत सुरक्षित आहे ते तेथेच राहणे केव्हाही चांगले.

पेठांच्या जमिनीत काय आहे

पुण्यात अशी देखरेख ठेवण्यासारखे काय आहे, असे विचारणाऱ्यांनी कसब्याकडे पाहावे. २००४ ते २००६ या काळात कसबा पेठेतल्या बांधकामांच्या निमित्ताने डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी जे बचावकार्य केले, त्यातून पुण्याच्या वस्तीचा माग सातवाहनकाळापर्यंत मागे गेला. नाशिकच्या मातीच्या गढीवर १९५०-५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी केलेल्या उत्खननाने, किंवा कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडातून मिळालेल्या आणि आज तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात असलेल्या पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाच्या छोट्या ब्राँझमूर्तीने हेच दाखवून दिले आहे की नांदत्या शहरांच्या पोटात त्यांचा आधीचा इतिहास शाबूत असतो.

त्यावरचे थर तुलनेने अलीकडचे असले तरी महत्त्वाने कमी नाहीत. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळून उद्ध्वस्त केले, पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत ते पुन्हा वसले, आणि १७३० मध्ये शनिवारवाड्याचा पाया घातला गेल्यावर पेठा झपाट्याने वाढल्या. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत भूमिगत नळ आणला गेला आणि त्याच्या वाटेवर हौद व उच्छ्वास (नळातली हवा बाहेर सोडणारी तोंडे) बांधले गेले. त्यानंतर कंपनी सरकार आले, नगरपालिका आली, प्लेग येऊन गेला, आणि १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. या प्रत्येक घटनेची खूण एकाच परसात सापडेल असे नाही, पण यांपैकी काहीच सापडणार नाही असे गृहीत धरून यंत्र लावणे निश्चितच अयोग्य आहे.

खोदकामाआधीची तयारी

देखरेखीचे अर्धे यश जमिनीला हात लागण्यापूर्वीच ठरते. पहिले काम कायदेशीर स्थिती पाहण्याचे आहे. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचा परिसर प्रतिबंधित आणि त्यापुढचा २०० मीटरचा परिसर विनियमित मानला जातो; १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर विनियमित क्षेत्रातल्या बांधकामाला सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते. शनिवारवाडा हे असे संरक्षित स्मारक असल्यामुळे शनिवार, कसबा आणि बुधवार पेठेतल्या अनेक मिळकती या वर्तुळांत येतात. याशिवाय वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का आणि असल्यास कोणत्या श्रेणीत, हे वारसा कक्षाकडे विचारून घ्यावे. या दोन्हींच्या बाहेर असलेल्या खाजगी मिळकतीच्या परसात पुरातत्त्वीय देखरेख ठेवावीच असे सक्तीचे बंधन आपल्याकडे नाही. म्हणून ती मालकाच्या आणि वास्तुविशारदाच्या इच्छेवर अवलंबून आहे, आणि याच कारणास्तव त्या दोघांनी ती मनावर घेणे अत्यावश्यक आहे.

त्यानंतर कागद पाहावेत. मिळकत पत्रिका आणि सिटी सर्व्हेचे जुने नकाशे यांवरून परसात पूर्वी कोणती बांधकामे होती, हद्दी कुठे होत्या आणि शेजारच्या वाड्याशी सामाईक भिंत किंवा बोळ होता का, हे कळते. वाडा एखाद्या सरदार, सावकार किंवा कारकुनाच्या घराण्याचा असेल तर पुणे पुरालेखागारातल्या पेशवे दप्तरात आणि भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात त्याचा उल्लेख मिळण्याची शक्यता असते. कागदांइतकीच, किंबहुना त्यांहून अधिक, उपयोगी पडतात ती वाड्यातली जुनी माणसे. तीन पिढ्या भाड्याने राहिलेल्या आजींना आड कोणत्या साली आणि कशाने बुजवला, जुना शेतखाना कोणत्या कोपऱ्यात होता, पानशेतच्या वेळी पाणी कितव्या पायरीपर्यंत आले होते आणि गाळ कुठे टाकला, हे अचूक सांगता येते. त्यांना परसात उभे करून बोलते करावे आणि त्या दाखवतील त्या जागा आराखड्यावर खुणा करून ठेवाव्यात. खोदकाम सुरू होईपर्यंत बहुतेक भाडेकरू दुसरीकडे राहायला गेलेले असतात, म्हणून हे काम वेळेत उरकावे.

देखरेख कोणी करावी, याचे उत्तर सरळ आहे. पुरातत्त्वशास्त्राची पदव्युत्तर पदवी असलेली आणि उत्खननात प्रत्यक्ष काम केलेली व्यक्ती नेमावी. डेक्कन कॉलेजमधून शिकून बाहेर पडलेले अनेक तरुण अभ्यासक पुण्यात आहेत आणि अशा कामाला ते आनंदाने येतात. इतिहासाची आवड असलेला उत्साही शेजारी छायाचित्रे काढू शकेल, पण मातीच्या रंगातला आणि पोतातला फरक ओळखायला सवयीची नजर लागते.

यानंतरची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. ठेकेदाराशी होणाऱ्या करारात देखरेखीची कलमे लेखी घालावीत. खोदकामाच्या किमान दोन दिवस आधी अभ्यासकाला कळवले जाईल. तो हजर नसताना यंत्र चालणार नाही. त्याने हात वर केल्यावर बकेट थांबेल. नोंदीसाठी थांबावे लागल्यास दिवसाला ठरावीक वेळेपर्यंत त्याचा आकार ठेकेदार लावणार नाही आणि त्याहून अधिक वेळ लागल्यास यंत्राचे भाडे मालक देईल, अशा स्वरूपाची ती असावीत. ही रक्कम कोण देणार हे आधी ठरलेले नसले की ऐन वेळी मुकादम घाई करतो, मालक अभ्यासकाकडे त्रासिक नजरेने पाहतो आणि संकोचापोटी नोंद अर्धी राहते. याउलट सगळे आधी ठरलेले असले की यंत्र थांबल्यावर कोणाचा जीव वरखाली होत नाही. यंत्र चालवणाऱ्याशीही पहिल्याच सकाळी शांतपणे बोलावे, आपण काय शोधतो आहोत ते त्याला दाखवावे आणि त्याच्या निरीक्षणाची कदर करावी. मातीचा घट्टपणा बदललेला सर्वांत आधी त्याच्या हाताला कळतो.

प्रत्यक्ष खोदकाम

पहिल्या दिवशी एक स्थिर उंचीबिंदू ठरवावा. वाड्याच्या दगडी जोत्याचा न हलणारा वरचा कोपरा यासाठी सोयीचा असतो, पण वाडाही पुढे पाडला जाणार असेल तर रस्त्याच्या बाजूच्या एखाद्या कायम राहणाऱ्या खुणेशी त्याचे नाते मोजून ठेवावे. यापुढची प्रत्येक खोली ‘जमिनीपासून अमुक’ अशी न लिहिता या बिंदूपासून लिहावी, कारण परसातली जमीन काम सुरू होताच बदलते.

शहाबादी फरशी, काँक्रीटचा कोबा आणि अलीकडचा भराव काढण्यासाठी यंत्र वापरायला काहीच हरकत नाही. भराव संपला की दातेरी बकेट काढून सपाट धारेची बकेट लावायला सांगावी. दातेरी बकेट माती उकरते आणि थरांची सरमिसळ करते. सपाट धारेची बकेट एका वेळी दहा-पंधरा सेंटीमीटरचा पापुद्रा काढते आणि मागे स्वच्छ, वाचता येईल असा पृष्ठभाग सोडते. यंत्राने नेहमी मागे सरकत खणावे, म्हणजे नुकत्याच उघडलेल्या पृष्ठभागावरून त्याची चाके जात नाहीत. अभ्यासकाने चालकाला दिसेल अशा जागी, पण बकेटीच्या फिरण्याच्या कक्षेबाहेर उभे राहावे. बांधीव काही दिसले, मातीत काळसर किंवा राखेच्या रंगाचा गोल डाग दिसला, किंवा खापरांचे प्रमाण एकाएकी वाढले की यंत्र थांबवून खुरपीने आणि कुंच्याने तेवढा भाग हाताने साफ करावा. पुण्यातल्या अरुंद बोळांमुळे अनेक परसांत यंत्र पोहोचतच नाही आणि माणसे कुदळ-फावड्याने खणतात; देखरेखीच्या दृष्टीने ही इष्टापत्तीच आहे, फक्त मजुरांना ‘फुटकी खापरेही बाजूला ठेवा’ हे रोज सकाळी नव्याने सांगावे लागते.

खड्ड्याची उभी बाजू ही या कामातली सर्वांत बोलकी वस्तू आहे. रोज काम संपल्यावर निदान एक बाजू खुरपीने वरून खाली तासून घ्यावी, तिच्यावर हलके पाणी फवारावे आणि माती ओलसर असतानाच पाहावी, कारण वाळल्यावर सगळे थर एकाच करड्या रंगाचे दिसू लागतात. नदीकाठच्या पेठेतल्या परसाची अशी बाजू वाचायची झाल्यास वरून खाली काय काय दिसू शकते ते सांगतो. सर्वांत वर कोबा आणि त्याखाली विटांच्या तुकड्यांचा भराव असतो, त्यात प्लास्टिक आणि सिमेंटचे गोळे मिळतात. त्याखाली बारीक, एकजीव, पिवळसर-तपकिरी गाळाचा पट्टा दिसला, त्यात खापरे जवळजवळ नसली आणि तो खड्ड्याच्या सर्व बाजूंनी सलग जात असला, तर तो पुराचा गाळ असण्याचा संभव आहे. त्याच्या वर प्लास्टिक आहे आणि खाली नाही एवढे निश्चित करता आले, तर तो १९६१ चा आहे असे बऱ्याच विश्वासाने म्हणता येते. मग त्या एका पट्ट्यावरून त्याच्या वरचे आणि खालचे सगळे थर आधीचे-नंतरचे म्हणून लावता येतात. त्याखाली एकाआड एक पातळ पट्टे दिसतात: शेणाने सारवलेल्या जमिनीच्या कागदासारख्या बारीक रेषा, मध्ये राखेचे भुरकट थर, कोळशाचे कण आणि चुन्याचे ठिपके. ही परसातली वापराची जमीन आहे. वर्षानुवर्षे ती सारवली गेली, उखणली गेली आणि पुन्हा चोपली गेली. त्याहून खाली मऊ, भुसभुशीत, राखट रंगाची माती लागली की तिला आपल्याकडे पांढरीची माती म्हणतात. ही जुन्या वस्तीची माती असून ती दिसताच वेग कमी करावा, कारण मध्ययुगीन किंवा त्याहून जुना पुरावा असलाच तर तो येथे असतो. तिच्या तळाशी चुनखडीचे खडे मिसळलेली पिवळी माती किंवा मुरूम येतो आणि तेथे माणसाचा माग संपतो. नैसर्गिक थर लागला याची खात्री पटल्यावर पुढचे खोदकाम यंत्राने वेगात करायला मोकळीक द्यावी. कोठे थांबवायचे याइतकेच कोठे थांबवायचे नाही हेही अभ्यासकाला कळले पाहिजे, कारण त्यावरच ठेकेदाराचा त्याच्यावरचा विश्वास टिकतो.

प्रत्येक थराला आणि प्रत्येक रचनेला स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि एका चिठ्ठीवर रंग, पोत, घट्टपणा, त्यात काय मिसळले आहे, तो कशाच्या वर आणि कशाच्या खाली आहे हे लिहावे. उभ्या बाजूचे रेखाटन १:१० आणि आराखडा १:२० या प्रमाणात ठेवल्यास सहसा पुरते. छायाचित्रात मापपट्टी, उत्तर दिशेचा बाण आणि क्रमांकाची पाटी असावी. भ्रमणध्वनीवर काढलेली छायाचित्रे चालतात, पण ती त्याच संध्याकाळी क्रमांकानुसार नावे देऊन साठवावीत, नाहीतर आठवड्याभरात कोणता खड्डा कोणता हे सांगणे अशक्य होते.

परसात हमखास भेटणाऱ्या रचना

आड बहुधा गोल, घडीव काळ्या पाषाणाचा किंवा विटांचा असतो आणि नळ आल्यानंतर कधीतरी बुजवलेला असतो. वरचा भराव राडारोड्याचा असला तरी तळाशी पाण्याखाली राहिलेला काळा गाळ असतो आणि हवा न लागल्यामुळे त्यात लाकूड, दोर, कातडे, बिया अशा एरवी नष्ट होणाऱ्या वस्तू टिकून राहतात. बांधकाम आडाच्या तळापर्यंत जात नसेल तर आड रिकामा करू नये. त्याचे तोंड, व्यास आणि बांधणी नोंदवून तो वाळूने भरून घ्यावा आणि नव्या पायाची जागा थोडी सरकवता येते का, हे संरचना अभियंत्याला विचारावे. बुजवलेल्या आडावर खांब उभा करणे इमारतीच्या दृष्टीनेही धोक्याचे असल्यामुळे या एका बाबतीत अभियंता आणि पुरातत्त्वज्ञ यांचे लवकर जमते.

पाण्याच्या वाटांकडे पेठांमध्ये विशेष लक्ष द्यावे. चुन्यात बसवलेले भाजक्या मातीचे नळ, दगडी पन्हळी, विटांची झाकलेली गटारे, छोटे हौद आणि वर चौकोनी तोंड असलेले उच्छ्वास यांपैकी काही दिसल्यास प्रथम प्रवाहाची दिशा आणि उतार मोजावा. एका नळाच्या तोंडात दुसरा नळ बसवून सांध्यावर चुन्याचा जाड गिलावा केलेला असतो; त्याचे अरुंद तोंड कोणत्या बाजूला आहे यावरून पाणी कुठून कुठे जात होते ते कळते. नळाच्या आतल्या बाजूला क्षारांचा पांढरा थर जमला असेल तर तो वाहत्या स्वच्छ पाण्याचा पुरावा समजावा, आणि काळपट चिकण गाळ असेल तर ती सांडपाण्याची वाट असावी. पेशवेकालीन पाणीपुरवठ्याचे मुख्य नळ आणि हौद बरेचसे ठाऊक आहेत; त्यांच्यापासून खाजगी वाड्यांत गेलेल्या उपशाखा मात्र अशा परसांमधूनच कळणार आहेत. एका परसातला तीन मीटरचा तुकडा किरकोळ वाटला तरी त्याची दिशा आणि उंची नेमकी नोंदलेली असली, तर पुढे चार वाडे सोडून सापडलेल्या तुकड्याशी तो जोडता येतो. हा नळ कापल्याशिवाय गत्यंतर नसेल तर कापण्यापूर्वी त्याचे रेखाटन करावे आणि निदान एक सांधा सबंध काढून ठेवावा.

धान्याची पेवे आणि बळदे, तळघरांच्या भिंती आणि जुन्या जोत्यांच्या रांगा यांची नोंद याच पद्धतीने होते. पोकळी लागली की ती पुण्यात ताबडतोब ‘शनिवारवाड्याकडे जाणारे भुयार’ ठरते आणि बघ्यांची गर्दी होते. अशा वेळी जागा झाकून घ्यावी, आत कोणालाही उतरू देऊ नये आणि शांतपणे मापे घ्यावीत; बहुतेक पोकळ्या बळदाच्या, हौदाच्या किंवा पाण्याच्या नळाच्या निघतात आणि अभ्यासाच्या दृष्टीने त्यांचे मोल काल्पनिक भुयारापेक्षा कितीतरी अधिक असते.

वस्तू आणि त्यांचा काळ

वस्तू ज्या थरातून आली त्या थराचा क्रमांक तिच्या पिशवीवर नसेल तर ती वस्तू निव्वळ शोभेची होते. पिशवीच्या आत एक आणि बाहेर एक अशा दोन चिठ्ठ्या ठेवाव्यात. खापरे मऊ कुंच्याने धुवून सावलीत वाळवावीत. धातू, काच व हाडे धुवू नयेत. कोळशाला हात न लावता तो चिमट्याने उचलून ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळावा, आणि चुलीची किंवा शेतखान्याच्या खड्ड्यातली माती दहा लिटरच्या बादलीभर वेगळी ठेवावी, म्हणजे पाण्यात तरंगवून त्यातली धान्ये आणि बिया वेगळ्या करता येतात.

थर केव्हाचा हे ठरवताना त्यातली सर्वांत अलीकडची वस्तू पाहावी, सर्वांत जुनी नव्हे. मंगलोरी कौलाचा तुकडा ज्या थरात आहे तो थर १८६० च्या दशकाच्या आधीचा असू शकत नाही, कारण मंगळूरला कौलांचे कारखाने त्या दशकात सुरू झाले. गोटीच्या सोडावॉटरच्या बाटलीचे पेटंट १८७२ चे आहे. कंपनी सरकारची एकसारखी नाणी १८३५ पासूनची आहेत. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ असलेली शिवराई सापडली की सगळ्यांना अतोनात आनंद होतो आणि तो योग्यच आहे. परंतु शिवराई एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही हातोहात फिरत होती, त्यामुळे केवळ तिच्यावरून थर शिवकालीन ठरवू नये. निळ्या नक्षीची चिनी पात्रे, विलायती छापील बश्या, काचेच्या बांगड्यांचे तुकडे, चिलमी, जात्याचे आणि पाट्या-वरवंट्याचे तुकडे यांचा प्रकारवार हिशेब ठेवावा. बांगडीचा एखादा तुकडा कोणी उचलून खिशात घातला तर फारसे बिघडत नाही असे वाटते, पण मोरीजवळ बांगड्या किती आणि गोठ्याजवळ किती यावरूनच परसातल्या कामांची वाटणी समजते, आणि घरातल्या बायकांच्या वावराविषयी बोलणारे पुरावे मुळात फार थोडे असतात.

सोन्या-चांदीची नाणी, दागिने किंवा भांड्यात पुरलेला ठेवा सापडल्यास १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांपेक्षा अधिक मूल्याचे काहीही जमिनीत दडलेले सापडले, तर काय सापडले, कोठे आणि कोणत्या तारखेला हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे आणि ते लपवल्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. शासनाने तो ठेवा घेतला तर मोबदला मिळतो, आणि न घेतल्यास, दुसरा काही करार झालेला नसेल तर, सामान्यतः सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकाला एक चतुर्थांश वाटा मिळण्याची तरतूद आहे. हे मजुरांना पहिल्याच दिवशी समजावून सांगावे, कारण कळवणाऱ्याचा हक्क कायद्याने मान्य केला आहे हे ठाऊक झाल्यावर लपवण्याचे कारण उरत नाही. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, ताम्रपट, शिलालेख यांना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो. त्या परदेशी पाठवता येत नाहीत आणि परवान्याशिवाय त्यांचा व्यापारही करता येत नाही. त्यांची माहिती राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाला द्यावी.

मानवी हाडे असल्याचा संशय आला तर काम थांबवून पोलिसांना कळवावे आणि जागा झाकून ठेवावी. परसातली बहुतेक हाडे गुरांची आणि शेळ्यांची असतात, पण तो निर्णय मुकादमाने देऊ नये.

सुरक्षितता आणि पाऊस

दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्यात बाजूला आधार दिल्याशिवाय किंवा उतार काढल्याशिवाय कोणीही उतरू नये. जुन्या वाड्यांच्या पांढऱ्या मातीच्या भिंतींचा पाया उथळ असतो, आणि शेजारच्या वाड्याची भिंत खड्ड्याच्या काठावर उभी असेल तर एकदम सलग न खणता तुकड्यातुकड्याने खणावे. जुन्या आडात किंवा बंद तळघरात प्राणवायू कमी असू शकतो, म्हणून हवेची तपासणी केल्याखेरीज आत वाकूनही पाहू नये. कोणत्याही नोंदीचे मोल माणसाच्या जिवापेक्षा अधिक नाही. बाजू ढासळेल असे वाटले तर ती वरूनच छायाचित्रित करून सोडून द्यावी. शक्य असेल तर खोदकाम दिवाळीनंतर घ्यावे. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, थर एकमेकांत मिसळतात आणि आधारही कमकुवत होतो.

अहवाल

काहीच सापडले नाही तरी अहवाल लिहावा. ‘या परसात अमुक खोलीपर्यंत फक्त विसाव्या शतकातला भराव असून त्याखाली थेट मुरूम आहे’ हे वाक्य वस्तीची जुनी सीमा ठरवणाऱ्या अभ्यासकाला सोन्याच्या मोलाचे आहे. अहवालात जागेचा नकाशा, खड्ड्यांची स्थाने, उंचीबिंदूचे वर्णन, थरांची यादी, रेखाटने, निवडक छायाचित्रे आणि वस्तूंचा तक्ता असावा, आणि जे प्रत्यक्ष पाहिले ते व जे त्यावरून अनुमानले ते वेगवेगळे लिहावे. कोणता भाग कोणाच्याही देखरेखीविना खणला गेला, हेही प्रामाणिकपणे नमूद करावे, नाहीतर पुढचा वाचक त्या रिकाम्या जागेचा अर्थ तेथे काही नव्हते असा लावेल.

अहवालाची एक प्रत मालकाने नव्या इमारतीच्या कागदपत्रांसोबत ठेवावी, एक महापालिकेच्या वारसा कक्षाला द्यावी आणि एक डेक्कन कॉलेज किंवा भारत इतिहास संशोधक मंडळ यांसारख्या संस्थेच्या ग्रंथालयात जमा करावी. वस्तू कोठे राहणार हे मालकाशी लेखी ठरवावे. खापरांच्या पिशव्या बिल्डरच्या साइट ऑफिसात राहिल्या तर ते ऑफिस उठताना त्या राडारोड्यात जातात, म्हणून ताबा देण्याच्या तारखेआधी त्या संस्थेकडे पोहोचवून तिची पोच अहवालाला जोडावी.